नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

मराठीत एका अनुस्वाराने केवढा फरक पडतो! नाव ठेवणं म्हणजे बारसं, आणि नावं ठेवणं म्हणजे त्यानंतरचा सगळा संसार. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात पहिलं काम फार अवघड समजतात. एका फंक्शनला काय नाव द्यावं यावरून दोन शहाणीसुरती माणसं कोड रिव्ह्यूत अर्धा दिवस घालवतात, आणि मला तो वाया गेलेला वाटत नाही. नाव वाचून पुढचा माणूस काहीतरी गृहीत धरतो आणि त्या भरवशावर आपलं काम उभं करतो. दुसरं काम, नावं ठेवण्याचं, आम्ही कुणी न सांगता करतो. या लेखात ते बरंच आहे.

मी पुण्यात बॅकएंडचं काम करतो. प्रोसेसर घडवण्याशी माझा संबंध इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातल्या एका पेपरापुरता. पण नातेवाइकांच्या लेखी 'कम्प्युटरवाला' ही एकच जमात असते. दहावी-बारावीचे निकाल लागले, प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या, की माझा फोन लॅपटॉपच्या फोटोंनी भरतो. फोटोत किमतीची पाटी, एक चकचकीत स्टिकर आणि दुकानातल्या पोराचा अंगठा. खाली प्रश्न: "हा घेऊ का?" मी दरवेळी एकच उत्तर पाठवतो, "प्रोसेसरचा पूर्ण नंबर विचारा." त्यावर येणारं उत्तरही दरवेळी एकच असतं, "आय-५ आहे म्हणतोय." हे म्हणजे माणसाचं नाव विचारावं आणि "कुलकर्णी आहेत" एवढंच कळावं. पुण्यात तेवढ्यावर कुणी घर शोधून दाखवावं.

ही आडनावं आली कुठून, ते बघण्यासारखं आहे. आमच्या पेपरात ८०८६ होता. १९७८ सालची इंटेलची चिप, आम्ही २०१६मध्ये शिकलो. त्यानंतर ८०२८६, ८०३८६, ८०४८६ अशी रांग. लोकांनी पुढचं ऐंशी खाऊन टाकलं आणि थ्री-एटी-सिक्स, फोर-एटी-सिक्स म्हणायला लागले. मोठा आकडा म्हणजे नंतरचा आणि वेगवान, एवढंच व्याकरण. माझ्या मते इतकं सरळ नामकरण या धंद्यात पुन्हा झालं नाही. मग एएमडीने आपल्याही चिपला ३८६ म्हणायचं ठरवलं, इंटेल कोर्टात गेली, आणि १९९१मध्ये अमेरिकेतल्या कोर्टाने सांगितलं की '३८६' हा काही ट्रेडमार्क होऊ शकत नाही. आकड्यांवर मालकी मिळेना, म्हणून ५८६ यायच्या जागी १९९३मध्ये पेन्टियम आला. ग्रीकमध्ये 'पेन्टे' म्हणजे पाच. हे नाव लेक्सिकॉन ब्रँडिंग या, नावं काढून देण्याचाच व्यवसाय करणाऱ्या कंपनीने काढून दिलं. आपल्याकडे हे काम आत्या करते, कानात कुर्र करून. तिकडे त्याची कंपनी असते. म्हणजे बघा, आकडा सोडून नाव घेतलं ते गिऱ्हाइकाला जास्त कळावं म्हणून घेतलेलं नाही. शेजाऱ्याला वापरता येऊ नये म्हणून घेतलं.

तरी आकड्याची भूक काही जात नाही. आमच्या घरी २००५च्या सुमारास पहिला कम्प्युटर आला, असेम्बल केलेला, पेन्टियम ४. वडिलांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण पल्सर १५० म्हणजे दीडशे सीसी हे कळत होतं, आणि त्याच कप्प्यात त्यांनी गीगाहर्ट्झ ठेवून दिलं. आलेल्या पाहुण्याला चहाआधी तो आकडा ऐकवला जाई.

आकडा खरा होता, पुरेसा नव्हता. गीगाहर्ट्झ म्हणजे चिपच्या घड्याळाचे सेकंदाला पडणारे ठोके. दर ठोक्याला काम किती होतं, ते त्यात येत नाही. झपाझप आखूड पावलं टाकणारा आणि सावकाश लांब ढांगा टाकणारा, दोघे एकाच वेळी स्टँडवर पोचू शकतात. पेन्टियम ४ पहिल्या जातीचा; ठोके वाढवता यावेत म्हणून आतलं काम त्यात फार बारीक तुकड्यांत वाटलेलं होतं. एएमडीची चिप कमी ठोक्यांत तेवढंच काम उरकायची, पण दुकानात तिचा आकडा लहान दिसायचा. म्हणून २००१मध्ये त्यांनी ॲथलॉन एक्सपीच्या नावात ठोके द्यायचं सोडलं आणि १८००+ असं लिहिलं. ती चिप होती १.५३ गीगाहर्ट्झची. कागदोपत्री ही तुलना त्यांच्याच जुन्या ॲथलॉनशी होती, पण गिऱ्हाइकाने ती पेन्टियम ४शी करावी ही अपेक्षा उघड होती. मला यात लबाडी दिसत नाही, त्यांची बाजू खरीच होती. फक्त तोवर जे मोजमाप होतं त्याचा इथे दावा झाला.

पुढे ठोक्यांची शर्यत उष्णतेने अडवली. २००४मध्ये इंटेलने ४ गीगाहर्ट्झच्या पेन्टियम ४चा बेत रद्द केला आणि त्याच वर्षी चिपना तीनशे, पाचशे, सातशेच्या घरातले नंबर द्यायला सुरुवात केली. अनेकांना तेव्हा बीएमडब्ल्यूच्या गाड्या आठवल्या. मग २००८मध्ये कोअर आय-७ आला, पुढच्या वर्षी आय-५, २०१०मध्ये आय-३. २०१७मध्ये एएमडीने रायझन काढला तेव्हा त्यांनीही तीन, पाच, सात हेच आकडे उचलले. या आकड्यांत मोजलेलं काहीच नाही. वर्गातल्या नंबरासारखे आहेत ते. "पोरगा पहिला आला" म्हटलं की आपण विचारतो, कुठल्या शाळेत, कितवीत. चिपच्या बाबतीत तो प्रश्न विचारायचा असतो हेच बहुतेकांना कुणी सांगितलेलं नाही.

मला आवडणारं उदाहरण ७५००चं आहे. इंटेलची आय-५ ७५०० ही डेस्कटॉपची चिप, तिच्यात चार कोअर. त्याच पिढीतली आय-७ ७५००यू ही लॅपटॉपची चिप, तिच्यात दोन. आकडे तेच, पाचाच्या घरात चार, साताच्या घरात दोन. फरक सांगणारं एकच अक्षर, शेवटचा 'यू', म्हणजे कमी वीज खाणारी. दुकानातल्या पाटीवर नेमकं तेच शेपूट गळून पडतं. बरं, अक्षर शेवटीच बघायचं असं पाठ करावं, तर त्याच पिढीत आय-५ ७वाय५४ नावाची चिप आली. पंख्याविना चालणाऱ्या पातळ लॅपटॉपसाठीची, साडेचार वॉटची. तिच्या आधीच्या पिढीचं नाव 'कोअर एम-५' असं वेगळं होतं. आता ती आय-५च्या पंगतीत येऊन बसली आणि अक्षर शेवटून उठून आकड्यांच्या मध्ये शिरलं.

आणि पिढ्या? दुकानदार अभिमानाने "दहावी जनरेशन" म्हणतात ना, त्या दहावीच्या दोन तुकड्या होत्या. २०१९च्या त्या पिढीत आय-७ १०६५जी७ होती, नव्या आराखड्याची, १० नॅनोमीटरची. आणि आय-७ १०५१०यू होती, कित्येक वर्षं चालत आलेल्या आराखड्याची, १४ नॅनोमीटरची. दोघी दहावी, दोघी आय-७. एकीच्या नावात चार आकडे, दुसरीच्या नावात पाच. हे आकडे कशाने चढत्या क्रमाने लावायचे ते मला प्रोग्रॅम लिहूनही जमणार नाही.

इथवर हे सगळं गमतीचं वाटू शकतं. मलाही वाटायचं. माझे मामा सांगोल्याकडे डाळिंब पिकवतात. मामेभावाला सिव्हिलला प्रवेश मिळाला आणि ते दोघे एका शहरातल्या दुकानात लॅपटॉप घ्यायला गेले. त्या वर्षी तेल्याने अर्धी बाग नेली होती. अशा वेळी माणूस स्वस्तातलं घेईल असं आपल्याला वाटतं, पण मामांचा हिशोब उलटा होता: पैसा पुन्हा कधी येईल सांगता येत नाही, तर एकदाच चांगलं घ्यावं, चार वर्षं बघायला नको. दुकानात एक 'पाच' होता आणि एक 'सात'. सात नऊ हजारांनी महाग. दुकानदार म्हणाला, सात पाचाच्या वरचा. कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही, पाच-सात दोघांकडेही असतात. घेऊन झाल्यावर मला फोन आला, पूर्ण नंबर मी तेव्हा बघितला. सात दुकानात पडून राहिलेल्या जुन्या पिढीतला होता, वीज वाचवण्यासाठी हात बांधलेला. शेजारचा पाच नवा होता आणि मामेभावाच्या कामाला कितीतरी बरा. दुकानदाराने परत घेतला नाही. सील फोडलं होतं.

दुसऱ्या वर्षापासून पोराचं थ्री-डी मॉडेल उघडायला लागलं की पंखा गिरणीसारखा वाजायचा आणि पडदा गोठायचा. सबमिशनची ड्रॉइंग त्याने कॉलेजच्या लॅबमध्ये बसून, शिपायाची मनधरणी करून, रात्री केली. मामांनी मला एकच विचारलं, "पाचापेक्षा सात मोठा, एवढं तरी खरं ना?"

त्यांना समजावण्यासाठी मी डाळिंबांच्या प्रतवारीचा आधार घेतला. चिप एकेक करून बनत नाहीत. सिलिकॉनच्या एका मोठ्या चकतीवर शेकडो एकदम बनतात, आणि त्यातल्या सगळ्या सारख्या उतरत नाहीत. काहींचा एखादा कोअर बिघडलेला निघतो, तो बंद करून ती चिप खालच्या नावाने विकतात. काही जास्त ठोके सोसतात, त्या वरच्या नावाने जातात. एकाच बागेतलं फळ, तोडणीनंतर शेडवर निवडलेलं. मामांना हे माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांपेक्षा लवकर समजलं. डाळिंबातही सुपर, किंग, क्वीन, प्रिन्स अशी राजघराण्यातली नावं आहेत, ती काही साधी नाहीत. पण त्या प्रत्येकामागे वजन आहे. किंग म्हणजे फळ अर्ध्या किलोच्या वरचं, व्यापारी काट्यावर टाकून बघतो. सगळं ऐकून घेऊन मामा म्हणाले, "निवड करतात त्याचं काही नाही रे. पण मागच्या बहराचं फळ आम्ही यंदाच्या पेटीत भरत नाही. भरलं तर व्यापारी पुन्हा दारात उभा करत नाही."

प्रतवारी आणि वय, या दोन गोष्टी कंपन्यांच्या नावांमध्ये एकत्र कालवल्या जातात. मी त्या तशा वेगळ्या करून पाहिल्या नव्हत्या, मामांनी एका वाक्यात केल्या.

मागच्या बहराच्या फळाचा नमुना पुढे २०२२मध्ये अगदी अधिकृतपणे समोर आला. एएमडीने लॅपटॉपच्या चिपसाठी नवी पद्धत जाहीर केली. चार आकडे: पहिला वर्षाचा, दुसरा दर्जाचा, तिसरा आतल्या आराखड्याचा, चौथा बारीक फरकाचा. वाचायचं कसं त्याचा तक्ताही दिला. आता रायझन ५ ७५२०यू, ७५३०यू आणि ७५४०यू शेजारी शेजारी ठेवा. तिन्ही 'रायझन ५', तिन्ही सात हजारांच्या घरातल्या. पण पहिलीत झेन २ आहे, म्हणजे २०१९मध्ये बाजारात आलेला आराखडा, आणि चार कोअर. दुसरीत झेन ३ आणि सहा कोअर. तिसरीत झेन ४. न्यायाने बोलायचं तर ७५२०यू नव्याने बनवलेली चिप होती, स्वस्त लॅपटॉपसाठी, आणि त्या कामाला वाईट नव्हती. शिवाय खरं वय नावात छापलेलं होतं, तिसऱ्या आकड्यात. खोटं काहीच नाही. मात्र डावीकडून पहिला आकडा, जो सगळे वाचतात, तो वर्षाला दिला, आणि आराखडा आत सरकवला, जिथे माझ्यासारखेच बघतात. माहिती दिली ती दुभाष्याला, गिऱ्हाइकाला नाही.

यावर डिसेंबर २०२३मध्ये इंटेलने एक सादरीकरण प्रसिद्ध केलं. प्रतिस्पर्धी जुना माल नव्या नावाने विकतो, असा सूर, आणि उदाहरणाला हीच ७५२०यू. बरोबर भोंदू औषधवाल्याची उपमाही होती. मुद्दा रास्त होता. पण दोनच महिन्यांपूर्वी इंटेलने स्वतःची चौदावी पिढी आणली होती, आणि डेस्कटॉपवर ती बहुतांशी तेरावीच होती, किंचित ठोके वाढवलेली. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं बघायचं वाकून. लोकांनी ते बोलून दाखवलं आणि सादरीकरण मागे घेतलं गेलं.

त्याच महिन्यात इंटेलने 'आय' काढून टाकला आणि मोजणी शंभरापासून पुन्हा सुरू केली. आता कोअर अल्ट्रा ७ १५५एच नवी, तर पुढच्याच महिन्यात आलेली कोअर ७ १५०यू जुन्या आराखड्याची. 'अल्ट्रा' हा शब्द काढला की दोघी जुळ्या. दोनशेच्या घरातल्या अल्ट्रांमध्ये २५८व्हीच्या एनपीयूची ताकद ४० टॉप्सच्या वर आहे, २५५एचची १३. मायक्रोसॉफ्टच्या 'कोपायलट प्लस' सुविधांना किमान ४० लागते. दोन्ही 'अल्ट्रा ७'. एएमडीनेही तोवर आपला तक्ता गुंडाळला होता आणि तिथे आता 'रायझन एआय मॅक्स प्लस ३९५' या नावाची चिप आहे. ॲपलची नावं त्यातल्या त्यात साधी असं मी सांगत असे. मग मार्च २०२५मध्ये मॅक स्टुडिओ आला, त्यात स्वस्तातली निवड एम-४ मॅक्स आणि महागातली एम-३ अल्ट्रा.

हे सगळं ठरवून फसवण्यासाठी चालतं असं मी म्हणणार नाही, कारण आतून ते कसं घडतं ते मी थोडं पाहिलं आहे. लॅपटॉप कंपन्यांना दर जानेवारीत मांडवात काहीतरी नवं मांडावं लागतं. चिपचा आराखडा घडायला कित्येक वर्षं जातात. दर वर्षी नवं सिलिकॉन शक्य नाही, नवं नाव शक्य आहे. आमच्या ऑफिसात मागच्या वर्षी आवृत्ती ३नंतर थेट ५ काढायची टूम निघाली, कारण स्पर्धकाची ४ आली होती. मी मीटिंगमध्ये विचारलं, रिलीज नोट्समध्ये चौथीबद्दल काय लिहायचं? सगळे हसले. मार्केटिंगची मुलगी वाईट नव्हती. तिला महिनाभर गिऱ्हाइकं विचारत होती की तुम्ही मागे का. या रोगाची परंपराही जुनी आहे. १९९९मध्ये स्लॅकवेअर लिनक्सने ४नंतर एकदम ७ काढली, बाकीच्यांचे आकडे पुढे गेले म्हणून. त्यांनी निदान ते उघड सांगितलं. आमचीही ५ बाहेर पडली, आणि कुणाचंच काही अडलं नाही. आमचं सॉफ्टवेअर कुणी डाळिंबं विकून घेत नाही, हा फरक आहेच.

उपाय इतका साधा आहे की सांगायला संकोच वाटतो. तो आपल्या स्वयंपाकघरात उभा आहे. फ्रिजवर ऊर्जा बचतीचे तारे असतात, आणि त्या लेबलवर ते तारे कुठल्या काळासाठीचे तेही छापलेलं असतं. निकष मधूनमधून कडक होतात, मग जुने पाच तारे नव्या हिशोबात कमी भरतात. फ्रिजवाल्या कंपन्या काही संत नाहीत, त्यांना ते छापावं लागतं. लॅपटॉपच्या खोक्यावरही उत्पादनाचा महिना असतो, पण तो लॅपटॉपचा. आत बसलेल्या आराखड्याचं साल, कोअर आणि वॉट, एवढे तीन आकडे एमआरपीच्या शेजारी मावतील. मग नाव 'सोनूबाई' ठेवा नाहीतर 'अल्ट्रा मॅक्स प्लस', हाती कथलाचा वाळा आहे की कशाचा ते दिसेल.

तोवर आमच्या घराण्यापुरती एक शीट आहे. मी ती चार वर्षांपूर्वी सुरू केली, आता मामेभाऊ माझ्यापेक्षा जास्त भरतो. तो सोलापुरात एका कंत्राटदाराकडे कामाला आहे आणि त्याच्या गावातली मुलंही त्यालाच विचारतात. पूर्ण नंबर, कोअर, वॉट, रॅम नंतर वाढवता येते का, किंमत, असे रकाने आहेत. कंपनीने दिलेलं नाव सगळ्यात शेवटी. 'आराखड्याचं साल' असं लांबलचक शीर्षक मी एका रकान्याला दिलं होतं; ते त्याने खोडून 'बहर' केलं. परवा एका चुलत बहिणीने पाठवलेल्या फोटोसमोर त्याने शेरा लिहिला आहे: नाव २०२५चं, बहर २०२२चा, अकाउंटच्या कामाला चालेल, पाच हजार कमी करत असेल तर घ्या.